समोरच्याकडे काही नाही, तरी तो पानं टाकत नाही

प्रश्न: आम्ही सात-आठ मित्र नियमित जमतो आणि टेक्सास होल्डेम खेळतो (पोकरचा प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची सामाईक पाच). रक्कम किरकोळ असते, पण हरलं की जिव्हारी लागतं. माणसं ओळखण्यात मी बरा आहे. समोरच्याकडे फारसं काही नाही हे मला त्याच्या चेहऱ्यावरून, बसण्यावरून कळतं आणि बहुतेक वेळा ते खरंही निघतं. तरी पैसे माझेच जातात. परवा माझ्याकडे एक्का-राणी होती. फ्लॉपवर (सामाईक पानांतली पहिली तीन) राजा, नव्वी, चौकी, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. समोर आमच्यातले एक ज्येष्ठ मित्र होते. ते एरवी शांतपणे कॉल करत राहतात (समोरच्याच्या बेटइतकंच भरतात), रेझ (बेट वाढवणं) फक्त भारी पानांवरच करतात. त्यांच्याकडे राजा नाही हे मी ओळखलं. पॉट (डावात जमलेली रक्कम) 200 चिप्सचा होता, मी 120 ची बेट लावली, त्यांनी कॉल केला. टर्नवर (चौथं पान) सत्ती आली, मी 300 लावले, पुन्हा कॉल. रिव्हरवर (पाचवं, शेवटचं पान) दुर्री आली, मी 800 लावले. त्यांनी बराच वेळ विचार करून कॉल केला आणि नव्वी-अठ्ठी दाखवली. राजा नव्हताच! थोड्या वेळाने माझ्याकडे राजा-गुलाम असताना फ्लॉपवर राजा, अठ्ठी, चौकी आली. समोर तेच. टर्न आणि रिव्हर दोन्ही वेळा दुर्री पडली. मी फ्लॉपवर आणि टर्नवर बेट लावली, त्यांनी कॉल केला, पण रिव्हरवर 500 चा पॉट असताना मी घाबरून चेक केलं (बेट लावलीच नाही). त्यांनी एक्का-अठ्ठी दाखवली. जिंकलो, पण थोडक्यावर समाधान मानावं लागलं. माणसं वाचता येत असूनही मी हरतो, तर चुकतं कुठे? आणि ब्लफ करणं सोडूनच द्यावं का?

उत्तर:

तुम्ही ओळखलंत ते बरोबर होतं. त्यांच्याकडे राजा नव्हता. पण त्यावरून तुम्ही असं धरून चाललात की मोठी बेट आली की ते पानं टाकतील. पानं साधारण असणं वेगळं आणि ती टाकायची तयारी असणं वेगळं. तुम्ही पहिल्या गोष्टीचा अंदाज घेतलात आणि 800 चिप्स दुसऱ्या गोष्टीवर लावल्यात.

कमी रकमेच्या खेळात बहुतेकांचे पैसे याच फटीतून गळतात. तिथे माणसं खेळायला आलेली असतात, पानं टाकून गप्प बसायला नाही. गेलेल्या चिप्स फार बोचत नाहीत, समोरच्याकडे काय होतं हे बघायची उत्सुकता मात्र जबरदस्त असते. त्यात मधली जोडी हातात असली की ‘कोण जाणे, खोटंच लावत असेल’ असं वाटायला वेळ लागत नाही. नुसत्या हिशोबानेही तुमच्या मित्रांचा कॉल फारसा वेडा नव्हता. 1040 चा पॉट, त्यात तुमचे 800. त्यांना 800 भरून एकूण 2640 चा पॉट मिळवायचा होता. म्हणजे दहापैकी तीन वेळा तुम्ही ब्लफ करत असलात तरी त्यांचा कॉल बरोबरीत सुटतो. तुमची ख्याती टेबलावर काय आहे हे त्यांना माहीत असणारच.

आता तुमच्या बाजूचा हिशोब. 1040 मिळवण्यासाठी तुम्ही 800 पणाला लावलेत. असा ब्लफ निदान 43-44 टक्के वेळा यशस्वी झाला तरच परवडतो. हे गणित कायम जवळ ठेवा: अर्ध्या पॉटएवढा ब्लफ तीनपैकी एकदा चालला तरी पुरे, पूर्ण पॉटएवढा ब्लफ दोनपैकी एकदा चालावा लागतो. बेट लावण्याआधी स्वतःला इतकंच विचारायचं, ‘हे गृहस्थ इतक्या वेळा पानं टाकतील का?’ आधी 120 आणि मग 300 भरून जो माणूस रिव्हरपर्यंत आला, आणि जो मुळातच कॉल करत राहणारा आहे, त्याच्याबद्दल याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. चौकीची जोडी किंवा हातातली पंज्यांची जोडी कदाचित गेली असती. नव्वी जाणार नव्हती.

त्या डावात आणखी एक बारकावा आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. रिव्हरपर्यंत येऊनही काहीच न जमलेली पानं त्यांच्याकडे कोणती असू शकली असती? राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, म्हणजे स्ट्रेटच्या (ओळीने पाच पानांच्या) आशेवर थांबलेली. तुमचा एक्का या सगळ्यांना बेट न लावताही हरवत होता. म्हणजे 800 च्या बेटला जी पानं खात्रीने पळाली असती, त्यांना पळवून तुम्हाला काहीच जास्तीचं मिळणार नव्हतं. शिवाय एक राणी तुमच्याच हातात होती. राणी-गुलाम एरवी 16 प्रकारे येऊ शकतात, एक राणी तुमच्याकडे असल्याने 12 च प्रकारे. पळणारी पानं त्यांच्याकडे असण्याची शक्यता तुम्हीच कमी करून बसला होतात. अशा वेळी चेक करायचं आणि काय दिसतं ते बघायचं. एक्का-राणीला तिथे थोडी किंमत होती, ती तुम्ही ब्लफ करून घालवलीत.

खेळांच्या गणिती सिद्धांताचा पाया घालणारा गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन याने पोकरचं एक सोपं गणिती रूप मांडलं होतं. ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर 1944 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचं सविस्तर विवेचन आहे. त्यातून निघणारं उत्तर मला आजही टेबलावरच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा मोलाचं वाटतं: सगळ्यात भारी पानांवर बेट लावावी, सगळ्यात टाकाऊ पानांपैकी काहींवर बेट लावावी, आणि मधल्या पानांवर चेक करावं. मधल्या पानांवर बेट लावली की हलकी पानं पळतात आणि भारी पानं थांबतात, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. तुमच्या दोन डावांकडे या नजरेने बघा. मधल्या पानांवर तुम्ही 800 लावलेत आणि भारी पानांवर चेक केलंत.

त्या दुसऱ्या डावावर मी जास्त बोलणार आहे, कारण तुमचे खरे पैसे तिथे राहिले. ब्लफ हरला की सगळ्यांसमोर हरतो, म्हणून तो लक्षात राहतो. जी बेट लावलीच नाही तिचा तोटा कोणालाच दिसत नाही, लावणाऱ्यालासुद्धा.

बोर्डवर राजा, अठ्ठी, चौकी, दुर्री, दुर्री. तुमच्याकडे राजा-गुलाम. भीती कशाची होती? बहुधा एक्का-राजाची. पण तुम्हीच लिहिता की ते भारी पानांवर रेझ करतात. एक्का-राजा असता तर फ्लॉपच्या आधीच रेझ आलं असतं. अठ्ठ्यांचा किंवा चौक्यांचा सेट (तीन सारखी पानं) असता तरी फ्लॉपवर नाहीतर टर्नवर त्यांनी आवाज केला असता. ती सगळी पानं बाजूला काढा. उरलं काय? एक राजा बोर्डवर, एक तुमच्याकडे, म्हणजे गठ्ठ्यात दोनच राजे बाकी. राजा-राणी 8 प्रकारे येऊ शकतात आणि राजा-अठ्ठी 6 प्रकारे. तुम्हाला हरवणारी मुख्य पानं ही 14. आता तुमच्याहून हलकी, पण कॉल करतील अशी पानं मोजा. राजा-दश्शी 8, राजा-नव्वी 8, एक्का-अठ्ठी 12, दश्शी-अठ्ठी 12. एवढीच धरली तरी 40 होतात. अठ्ठीवाल्यांपैकी निम्म्यांनी पानं टाकली असं मानलं तरी 28 उरतात, म्हणजे हरवणाऱ्यांच्या दुप्पट.

टेबलावर बसून इतकं मोजता येत नाही असं तुम्ही म्हणाल. तंतोतंत मोजायची गरजही नाही. हातातली जोडी सहा प्रकारे येते, दोन वेगळी पानं सोळा प्रकारे येतात, आणि त्यातलं एखादं पान तुम्हाला दिसत असलं की ती संख्या झपाट्याने घटते, इतकं डोक्यात असलं की पुरतं. मात्र एक गोष्ट काटेकोर पाळा. रिव्हरवर बेट लावताना ‘त्यांच्याकडे जे काही असेल त्यात मी पुढे आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘जी पानं घेऊन ते कॉल करतील, त्यात मी पुढे आहे का’ असं विचारा. त्यातली निम्म्याहून जास्त पानं तुमच्याहून हलकी असतील तर बेट लावायची. काही मिनिटांपूर्वीच त्यांनी मधल्या जोडीवर 800 चा कॉल केला होता. ही माहिती तुम्ही चांगली किंमत देऊन विकत घेतली होती, आणि ती वापरायची पहिली संधी आली तेव्हा चेक केलंत. 300 लावले असते तर एक्का-अठ्ठीने ते भरले असते असं मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो.

आता समजा 300 लावल्यावर त्यांनी उलट 900 केले असते. तुम्हाला आणखी 600 भरायचे, मिळणारा पॉट 1700 चा. म्हणजे साधारण चारपैकी एकदा तरी ते खोटं खेळत असायला हवेत. रिव्हरवर रेझ करून खोटं खेळणारे तुमचे हे ज्येष्ठ मित्र आहेत का? त्यांनी आजवर असं एकदाही केल्याचं आठवत नसेल तर राजा-गुलाम शांतपणे टाकायचे आणि पुढचा डाव घ्यायचा. दिवसभर कॉल करणाऱ्या माणसाने रिव्हरवर रेझ केलं की त्याच्यावर विश्वास ठेवायचा. कमी रकमेच्या खेळात या एका सवयीने जितके पैसे वाचतात तितके दुसऱ्या कशानेच वाचत नसावेत. आणि म्हणूनच त्याच्यासमोर बेट लावायला भ्यायचं कारण नाही, कारण तुम्ही मागे असाल तेव्हा तो स्वतःच तुम्हाला सांगतो.

चेहरा वाचण्याबद्दल. तुमचा त्यावर भरवसा आहे आणि तो पूर्ण मोडावा असं मला वाटत नाही. पण 2013 मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात मायकल स्लेपियन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, तो तुम्ही ऐकावा. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधल्या व्यावसायिक खेळाडूंच्या, बेट लावतानाच्या छोट्या चित्रफिती विद्यार्थ्यांना दाखवून पानं किती चांगली असतील हे विचारलं. ज्यांना फक्त चेहरा दिसत होता त्यांचे अंदाज अंदाजपंचे सांगण्यापेक्षाही वाईट निघाले. ज्यांना चिप्स पुढे सरकवणारे हात तेवढे दिसत होते त्यांचे अंदाज त्याहून बरे ठरले. कारण उघड आहे. चेहरा सांभाळायचा असतो हे प्रत्येकाला ठाऊक असतं, हातांकडे कोणी लक्ष देत नाही. तेव्हा बघायचंच असेल तर चिप्स सरळ, न अडखळता पुढे येतात की घुटमळत येतात हे बघा. नवख्या खेळाडूचे हात बेट लावताना थरथरले की आपल्याला वाटतं तो घाबरला, खोटं लावतोय. बहुतेक वेळा उलट असतं. फार मोठी पानं आल्यावर जी उत्तेजना येते तिने हात थरथरतात. अशा बेटला भिडायला जाऊ नका.

तरी ही सगळी पुरवणी झाली. मुख्य मजकूर बेटमध्ये असतो. 2019 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी तयार केलेल्या ‘प्लुरिबस’ या प्रोग्रॅमने सहा जणांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये नामवंत व्यावसायिकांना हरवलं. त्याला कोणाचा चेहरा दिसत नव्हता. कोणी, कुठल्या टप्प्यावर, किती लावलं एवढंच त्याच्यासमोर होतं, आणि तेवढं पुरेसं ठरलं.

म्हणून वाचायला शिकायचं ते डाव संपल्यावर. पानं उघडी झाली की बहुतेकजण कोण जिंकलं ते बघतात आणि पुढच्या डावाची वाट बघू लागतात. तुम्ही तिथे थांबा आणि तो डाव मनात उलटा चालवा. नव्वी-अठ्ठी घेऊन हे गृहस्थ फ्लॉपच्या आधी किती भरून आत आले? मधल्या जोडीवर फ्लॉपचा कॉल चटकन केला की विचार करून? टर्नवर? रिव्हरवर बराच वेळ का लागला? तुमच्या पत्रातच याचं उत्तर आहे. त्यांना मधली जोडी टाकवत नाही, पण मोठी बेट आली की ते अडखळतात. पुढच्या वेळी ते असेच बराच वेळ थांबून कॉल करतील तेव्हा तुम्हाला त्यांची पानं कोणत्या दर्जाची आहेत हे आधीच माहीत असेल. याउलट फ्लॉपवर क्षणात कॉल येतो तेव्हा बहुतेकदा मधली जोडी असते नाहीतर फ्लशची (एका रंगाच्या पाच पानांची) किंवा स्ट्रेटची आशा. खरोखर भारी पानं असणारा माणूस रेझ करावं का म्हणून निदान क्षणभर तरी थबकतो.

बेटचा आकार तर आणखी बोलका असतो. थोड्या रकमेवर खेळणारे बरेचजण पानांच्या वजनाप्रमाणे चिप्स लावतात. जोडी किरकोळ असेल तर पॉटच्या पाव भागाएवढी बेट, सेट असेल तर पॉटएवढी. एखादा घाबरून याच्या बरोबर उलट करतो, म्हणजे भारी पानांवर समोरचा पळू नये म्हणून चिमूटभर लावतो. कोण कुठल्या जातीचा आहे हे दोन-तीनदा पानं उघडी झाली की कळतं, आणि मग त्या माणसाची बेट उघड्या पत्त्यासारखी दिसू लागते. तुमची स्वतःची बेट मात्र भारी पानांवर आणि ब्लफवर सारखीच दिसली पाहिजे. फक्त जिथे समोरचा आकाराकडे न बघता कॉल करतो तिथे हा नियम मोडायला हरकत नाही. तिथे भारी पानांवर सरळ मोठी बेट लावा, पॉटच्या दोन-तृतीयांशपासून पूर्ण पॉटपर्यंत.

आणि हे सगळं बघायला सर्वांत चांगली वेळ म्हणजे तुम्ही पानं टाकून मोकळे झालेले असता ती. आपण डावात असताना स्वतःच्या पानांवरून नजर हटत नाही. डावाबाहेर असताना निम्मी माणसं फोन काढतात. तुम्ही काढू नका.

तुमच्या टेबलावर सगळेच कॉल करणारे नसतील. कोणीतरी एकजण तासभर पानं टाकत बसत असेल आणि अचानक रेझ करत असेल. त्याच्या रेझपुढे तुमची एक्का-दश्शी टाकायची, आणि तो ब्लाइंड (पानं बघण्याआधीच भरायची सक्तीची रक्कम) भरून बसला असेल तेव्हा तुम्ही साध्या पानांवरही रेझ करून ते ब्लाइंड उचलायचे. तुमचा ब्लफ तुम्हाला करायचाच असेल तर तो या माणसावर करा, कारण त्याला पानं टाकता येतात. आणखी कोणी एक असेल जो प्रत्येक डावात बेट लावतो, प्रत्येक बेटवर रेझ करतो. त्याच्यावर ब्लफ करण्यात अर्थ नाही, त्याच्याशी चढाओढ करण्यातही नाही. त्याला लावू द्यायचं. राजांची जोडी मिळाली की चेक करायचं, तो लावेल, कॉल करायचा, पुन्हा चेक. मधल्या पानांवर चेक करून कॉल करण्याचा जो मार्ग इतरांपुढे भित्रेपणा ठरतो, तो या माणसापुढे उत्तम खेळ असतो. शक्य असेल तर त्याच्या डाव्या हाताला बसा, म्हणजे तो काय करतो हे बघून तुम्हाला ठरवता येईल. आपल्याआधी समोरच्याला बोलावं लागणं हा होल्डेममधला फार मोठा फायदा आहे, आणि डीलर बटनाजवळ (पानं वाटणाऱ्याच्या खुणेजवळ) बसलेला माणूस तो फुकटात घेत असतो.

ब्लफ सोडून द्यावा का? नाही, पण तुमच्या टेबलावर तो बराच कमी करावा लागेल, आणि कुणावर, कशावर हे निवडून करावा लागेल.

पहिली अट, समोर एकच माणूस हवा. समजा टेबलावरचा प्रत्येकजण 60 टक्के वेळा पानं टाकतो. एकासमोर अर्ध्या पॉटचा ब्लफ उत्तम चालेल, कारण तुम्हाला फक्त 33 टक्के हवेत. तिघे समोर असतील तर तिघांनीही एकाच वेळी पानं टाकण्याची शक्यता सुमारे 22 टक्के उरते, आणि तोच ब्लफ तोट्यात जातो. कमी रकमेच्या खेळात फ्लॉप बघायला चार-चार जण थांबतात, म्हणून तिथे ब्लफसाठी योग्य जागाच मुळात थोड्या असतात.

दुसरी अट, ब्लफ शक्यतो अशा पानांवर करा ज्यांना सुधारायला वाव आहे. फ्लॉपवर तुमच्याकडे एका रंगाची चार पानं जमली आहेत असं धरा. नऊ पानं तुमचा फ्लश पूर्ण करतात. दोन्ही पानं बघायला मिळाली तर सुमारे 35 टक्के वेळा तो होतो, एकाच पानावर 19-20 टक्के. (हिशोब तोंडी करायचा असेल तर उपयोगी पानांची संख्या दोन पानं बाकी असताना चारने गुणा, एक बाकी असताना दोनने. जवळपास बरोबर येतं.) अशा वेळी लावलेल्या बेटला दोन वाटा असतात, समोरचा पानं टाकेल किंवा तुमचा रंग जमेल. तुमच्या एक्का-राणीला तेवढाही आधार नव्हता. एक्का किंवा राणी पडली असती तर जोडी झाली असती हे खरं, पण रिव्हरवर तीही आशा संपलेली होती, आणि नेमकी तिथेच तुम्ही सगळ्यात मोठी बेट लावलीत.

तिसरी गोष्ट, तुमच्या बेटांची साखळी पटण्यासारखी हवी. राजा पडल्यावर तुम्ही लावलंत, ते पटण्यासारखं होतं. पण सत्ती आणि दुर्री ही पानं कोणाचंच काही बदलत नाहीत. जो माणूस 120 भरताना नव्वीवर समाधानी होता, त्याला सत्ती बघून भीती वाटायचं कारण नव्हतं. टर्नवर एक्का आला असता किंवा बोर्डवर एका रंगाची तीन पानं दिसू लागली असती, तर गोष्ट वेगळी. भीतीदायक पान आल्यावरचा ब्लफ आणि काहीच न बदलल्यावरचा ब्लफ यात फार अंतर आहे.

एका बाबतीत मी कळकळीने सांगतो. हरणं जिव्हारी लागतं असं तुम्ही लिहिलंत. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीसमोर फ्लॉपच्या आधीच सगळ्या चिप्स लावून बसली, तरी साधारण 18 टक्के वेळा हरते. याहून चांगली परिस्थिती या खेळात क्वचितच मिळते. म्हणजे अगदी बरोबर खेळूनही हरायच्या रात्री येणार, आणि त्या ओळीने येऊ शकतात. म्हणून खेळायला बसण्याआधी एक रक्कम ठरवा, जी गेली तरी घरात कोणाला काही सांगावं लागणार नाही, आणि ती संपली की उठा. 800 चा ब्लफ पकडला गेल्यावर लगेच पुढच्या डावात रेझ करायचा हात शिवशिवतो, तेव्हा दोन-तीन डाव पानं न बघताच टाकली तरी चालेल. मला शंका आहे की राजा-गुलामच्या डावात जे चेक झालं ते एक्का-राजाच्या भीतीने कमी आणि आधीच्या 800 च्या दुःखाने जास्त झालं.

तेव्हा पुढच्या काही बैठकींसाठी माझं सांगणं असं. त्या ज्येष्ठ मित्रांवर ब्लफ अजिबात नको. त्यांच्यासमोर बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याची जोडी जमली आणि दुसरं पान चांगलं असलं की तिन्ही टप्प्यांवर बेट, फक्त त्यांनी रेझ केलं तर थांबायचं. टेबलावर पानं टाकू शकणारे एक-दोघे कोण आहेत ते ओळखा आणि तुमचे ब्लफ त्यांच्यासाठी राखून ठेवा. उघडी झालेली पानं घरी गेल्यावर वहीत लिहा: कोणी, काय घेऊन, कुठे किती लावलं. पुन्हा लिहाल तेव्हा दोन-तीन डाव या वहीतूनच उतरवून पाठवा, प्रत्येक टप्प्यावरच्या पॉटसकट आणि समोरच्याकडे किती चिप्स शिल्लक होत्या त्यासकट. हा शेवटचा आकडा तुमच्या पत्रात राहून गेला होता. त्यांच्याकडे मागे 800 च उरल्या असतील तर गोष्ट एक, 3000 असतील तर दुसरी.